मनोमतीशिवाय अपोंग

२८ जानेवारी, रविवार
मनोमती सकाळच्या होडीने नदीपलीकडे माहेरी, भावाकडे गेली. कारण क्षुल्लक. मी मडकं फेकलं. तिच्या दिशेने फेकलं, तिच्यावर नाही. कपाळाला लागलं ते तिने मान वळवली म्हणून. मी स्वभावाने शांत माणूस आहे.
निश्चय: लिगांगला, पेरणीच्या सणाला, म्हणजे चौदा तारखेला, अपोंग मी स्वतः करणार. भाताची दारू बाईनेच करावी असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? तिच्या भावाच्या अंगणात सगळ्यांना पाजीन. ती एक घोट घेईल आणि गुपचूप माझ्यामागे होडीत बसेल.

३० जानेवारी
खमिराच्या वड्या ती सोबत घेऊन गेली. याला म्हणतात नीचपणा. शेजारच्या यादोईकाकूंकडून चार आणल्या. भात पार गार होऊ दे, मगच वडी कुसकर, असं काकूंनी दोनदा बजावलं. मी बी.ए. आहे.

१ फेब्रुवारी
भातात मिसळायला पेंढा आणि तूस जाळून काळं केलं. शेजारच्या गोमेश्वरचं कुंपण थोडं पेटलं. अकरा हात. तो तावातावाने आला. मी समजावलं. बांबूने. एकच फटका, तोही खांद्यावर. पुढे तो आपणहून खाली बसला.
भात गार व्हायला फार वेळ घेतो. गरमच कालवला. उष्णतेने सगळं लवकर होतं, हे सायन्स आहे.

६ फेब्रुवारी
मडक्याला वास येतोय. खांबांवरच्या घराखालची डुकरं त्या कोपऱ्यात फिरकत नाहीत. एकाला लाथ घातली. माझाच अंगठा सुजला.

९ फेब्रुवारी
मेहुणा तिलेश्वर आला. अतिशय नम्र. मनोमतीला सणाचं कापड विणायचंय, तिचा माग नेऊ का, असं विचारलं. माग नेणं म्हणजे परत न येणं, एवढं मला कळतं. ने म्हटलं. फक्त तुकडे करून दिला. कुऱ्हाड हाताशी होती.
त्याने सगळे तुकडे गोळा केले, दोरीने बांधले, खांद्यावर घेतले. शिडी उतरताना थांबला.
"भाऊजी, हा आमच्या आईचा माग होता."
मी काहीतरी ओरडलो. आठवत नाही. जेवण व्यवस्थित झालं.

१२ फेब्रुवारी
मडकं उघडलं. वर पांढरी बुरशी, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. ती काढून गाळलं. एक पेला प्यायलो. कडक! नंतर उलटी झाली. पोटाला अस्सल मालाची सवय राहिलेली नाही.
काकूंनी वास घेतला आणि नदीत ओत म्हणाल्या. त्यांना जरा बाजूला केलं. पडल्या नाहीत, दाराला धरलं त्यांनी.

१४ फेब्रुवारी, बुधवार
कॅन घेऊन पलीकडे गेलो. ढोल, नाच, अख्खं गाव अंगणात. स्वतः वाढलं. तिलेश्वरने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. एक म्हातारा थुंकला. कोणीतरी हसलं. मी त्याचा गळा धरला. हसला तो हाच का, याची खात्री नव्हती. चौघांनी मला आवळून धरलं. ओठ फुटला.
मग मनोमती आली. कपाळावर टाक्यांची खूण. माझ्या कॅनमधून पेला भरला आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मला वाटलं, जिंकलो.
"भात गरम असतानाच वडी घातलीत," ती म्हणाली. "थोडं थांबायचं होतं. सोळा वर्षांत एकदाही थांबला नाहीत."
मग गावच्या म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाली, "मी परत जाणार नाही."
मला वाटलं, कोणीतरी तिला दटावेल. सगळे आपापल्या पेल्यात बघत बसले. मला सोडलं त्यांनी. मी हात उचलला. ती जागची हलली नाही. चौघांपैकी कोणी धरायलाही आलं नाही. हात माझा मलाच खाली घ्यावा लागला.

१५ फेब्रुवारी
काकूंना हाक मारली. त्यांनी आतून कडी लावली. मी अंगणात उतरलो तर गोमेश्वरने मुलांना घरात बोलावलं. होडीवाला मी दिसताच दुसऱ्या घाटाला गेला.
आज दिवसभरात कोणावरही हात उगारला नाही. सुधारणा आहे.