कांताची रुंद फळी

विशाखापट्टणम, ४ फेब्रुवारी १९८१

तीर्थरूप बाबास,

मनकर्णा पाया पडते. आमी सारे बरे आहो. तुमचा खोकला कसा आहे ते काऊन लिहत नाई?

कांताले येड लागलं. इथं कोळ्यांची पोरं फळीवर पालथी पडून लाटेसंगं काठाले येतात, तसंच हिले करायचं आहे. पोरीनं कोळ्यांच्या फळ्यांतून हलकी, निमुळती, रंगवलेली फळी उचलली. मी म्हटलं, "ठेव ते. रुंद अन् जाड घे."

"आई, हे तर दाराची फळी दिसते!"

"दिसू दे. दार बुडत नाई."

मले सेलूची आपली विहीर आठवली. पोहणं शिकताना मी लहान सुक्या भोपळ्यासाठी रडत होती, अन् तुमी माह्या पाठीले सगळ्यात मोठा बांधला. म्हणाले, "शिकणाऱ्याले मोठाच पाह्यजे." साऱ्या पोरी हासल्या, पण मी तरंगली.

काल कांता तीनदा पडली, चौथ्यांदा थेट वाळूवर आली. मी कमरेइतक्या पाण्यात लुगडं भिजवत उभी होती. अर्धा वेळ डोळे मिटूनच.

बाबा, मले विहिरीत सोडलं तवा तुमी काठावर हासत होते. खरं लिहा, तुमाले भेव वाटलं होतं का?

तुमची हट्टी पोरगी,
मनकर्णा