ओली हळद कुणाचीच नसते

२१ एप्रिल
जिल्ह्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. नव्या यंत्रांसाठीच्या बीजनिधीचा पहिला हप्ता मिळाला तेव्हा आप्पांनी, माझ्या वडिलांनी, गावभर पेढे वाटले होते. दुसरा मिळेल, पण ५ मेला हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, समितीसमोर आमचं यंत्र चालवून दाखवल्यावर. हळकुंड आत ठेवायचं, बटण दाबायचं. वाळलेलं असेल तर हिरवा दिवा, ओलं तर लाल. जमलं तर पुढचे नग बनवू. नाहीतर कुलूप.

नितीनला (सर्किटं त्याची, बडबड माझी) पुण्यातून नोकरी आलीय. १० मेपर्यंत कळवायचंय. हे त्याने चहा संपल्यावर सांगितलं. पिताना का नाही?

२४ एप्रिल
मोंढ्यात सराव. तिथे हळद पारखण्यात रहीमचाचांचा शब्द शेवटचा. हळकुंड कानाजवळ धरून मोडतात. कडक् वाजलं तर वाळलेलं. आमचा हिरवा दिवा लागला, त्यांनी तेच मोडलं, आवाज मऊ. "ये गीली है बेटा. अंदर से." पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.
परत येताच नितीनने यंत्र उघडून तारा तपासल्या. ठीक होत्या.

२५ एप्रिल
डोंगरकड्याला, गावी आप्पांकडे गेले. यंत्र शिकवलं ते सगळं आप्पांच्या हळदीवर. पोती मागताना बजावलं होतं, बरी-वाईट दोन्ही द्या, निवडू नका. आज खोदून विचारलं.
"ओली न्हाई दिली मी. बाजूला काढली."
"काहून?"
"माझ्याच लेकीच्या डबीनं माझी हळद ओली दाखवावी व्हय? चार लोक बघतेत."
म्हणजे अर्धवट वाळलेली, आतून ओली, अशी हळद यंत्राने कधी पाहिलीच नाही. ओली हळद म्हणून आम्ही वाळलेलीवरच पाणी शिंपडून बघायचो. बापाच्या पोत्यात हात घालून तपासायची मला लाज वाटली, ही माझी चूक. तरी आप्पांवर ओरडले. ते जेवले नाहीत. मीही नाही.

२७ एप्रिल
दोन दिवस मी आणि नितीन गावात दारोदार. ओली हळद आहे का? "आमच्याकडं? छे. शेजारी बघा." शेजारी म्हणे, त्याच्या शेजारी बघा. अख्ख्या डोंगरकड्यात ओलं हळकुंड नाही! मग मोंढ्यात भाव कशावर पाडतात? हसू आलं, मग रडू. आठ दिवस उरलेत.

२८ एप्रिल
सकाळी आप्पा घरात नव्हते. पारावर जाऊन बसले होते, बाजूला काढलेलं पोतं समोर उघडं टाकून. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "यंदा माझी ओली निघाली. डबीला शिकवायला देऊन राहिलो. कुणाची असंल तर आणा."
लोक हसले. आप्पा मान वर करून बसून राहिले. मला दुरून बघवेना.
संध्याकाळपर्यंत सात जणांची आली. प्रत्येक जण म्हणाला, "आमची न्हाई बरं का, पाहुण्याची हाय."

३ मे
यंत्राला शिकवणं रोज चालू. यंत्र सुधारतंय. आप्पांचं हळकुंड ठेवलं, लाल दिवा लागला. त्यांनी वाकून बघितलं. "बराबर दावतीय," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. त्यांचा तो आवाज डोक्यातून जात नाही.

४ मे
नवीन अडचण. कार्यालयाला दिलेल्या मार्चच्या अहवालात मीच लिहिलंय : सर्व प्रकारच्या हळदीवर चाचणी पूर्ण. नितीन म्हणतो, "तू काढू नको विषय. कोण वाचतंय?" भांडलो. उद्या प्रात्यक्षिक.

५ मे
दहा हळकुंडं. चाचा मोडणार, आम्ही बटण दाबणार. नऊ जुळली. दहाव्याला आमचा दिवा चुकला. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कार्यालयातल्या मॅडमनी फाइल उघडली. कोण वाचतंय म्हणे!
"मार्चमध्ये सगळ्या प्रकारांवर चाचणी झाली होती?"
नितीन बुटांकडे बघत होता. मला पारावर बसलेले आप्पा आठवले.
"नव्हती, मॅडम. आता झाली."
त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हे लेखी द्या."
तिथेच उभ्याने लिहून दिलं. सही वाकडी आली.

८ मे
मॅडमचा फोन. समितीची बैठक १२ला. काही सदस्य खोटा अहवाल म्हणतायत, काही नऊ जुळली म्हणतायत. "मी सांगू शकत नाही," म्हणाल्या. नितीनला १०लाच कळवायचंय. दोन दिवसांनी चुकलं.

१० मे
नितीन सकाळी आला. "काय कळवू?" मी म्हटलं, "जा. मी अडवणार नाही." खोटं बोलले. तो नसेल तर पैसे मिळूनही मी एकटी काय करणार?
तेवढ्यात आप्पांचा फोन. दारात कुणीतरी पोतं ठेवून गेलंय, नाव नाही, चिठ्ठी नाही. "मोंढ्यात न्यायच्या आधी डबीत बघून पायजे असंल. कवा येता?"
नितीनने ऐकलं. डबी पिशवीत टाकली, गाडीला किक मारली.
"अरे, पुण्याचं?"
"आधी पोतं बघतो."
पुण्याला कळवायची मुदत सहाची. आता पाच वाजून गेलेत. आप्पांना फोन केला तर म्हणाले, "थांब, नितीन डबीत बघून राहिला." मागे कुणीतरी हळकुंड मोडल्याचा आवाज आला. कडक् की मऊ, फोनवर कळलं नाही.