सिस्टर अगाथांना चॅपेलपर्यंत

३ सप्टेंबर, बुधवार
छावणीत माझ्या जुन्या शाळेत गेले होते. आमच्या सिस्टर अगाथांना वरच्या मजल्यावरून खाली आणलंय, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. नव्वदी ओलांडली. मला ओळखलं नाही. सातवीत मराठी शिकवायच्या, तो गोव्याकडचा हेल मात्र तसाच.
इथली आताची प्रमुख, सुपिरियर सिस्टर, माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "आंटी, परवा परत पडल्या. चॅपेलला जायचा हट्ट सोडत नाहीत, आणि रोज धरून न्यायला माझ्याकडं माणूस नाही. नाशिकला आमच्या आजारी सिस्टरांच्या घरी पाठवावं लागणार."
म्हटलं, "माणूस मी आहे. रोज संध्याकाळी सहाला येते."
तिनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, "एक ऑक्टोबरला संत तेरेजाचा सण. त्या दिवशीच्या मिस्साला, प्रार्थनेला, त्या स्वतःच्या पायांनी आल्या, तर नाशिकच्या आमच्या मोठ्या सिस्टरांशी, प्रोव्हिन्शियलशी, बोलून बघते."
येतील. न यायला काय झालं?

४ सप्टें., गुरु.
घरी सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता : "एवढा संसार झाला, आता नन व्हायचं राहिलं होतं व्हय?"
म्हटलं, "संसारात बाई ननच होते. तुमच्या लक्षात आलं नाही एवढंच."
चहा स्वतः करून घेतला त्यांनी.

६ सप्टें., शनि.
जमलं नाही. हात धरून पुढं चालले, तर "ओढू नको!" हळू चालले, तर "आहेस का गेलीस?" उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला. कसंबसं सावरलं. स्वयंपाकवाली शांताबाई दारातून : "लई सोपं वाटलं व्हय ताई?"
सोपं नाही. पण शिकेन.

९ सप्टें., मंगळ.
संत तेरेजाची गोष्ट आम्हाला ह्याच सिस्टरांनी सांगितली. फ्रान्सची मुलगी. आई लहानपणीच गेली. पंधराव्या वर्षी मठात, चोविसाव्या वर्षी क्षयानं संपली. आम्ही वाट बघत बसलेलो, आता चमत्कार येईल, आता येईल. काही नाही. कपडे धुताना शेजारच्या सिस्टरनं घाण पाणी तोंडावर उडवलं, तर ही बाजूला झाली नाही. आणि एक म्हातारी, किरकिरी सिस्टर होती, तिला रोज संध्याकाळी जेवायला घेऊन जायची. म्हातारी म्हणे, फार भरभर चालतेस, पाडशील मला. लगेच म्हणे, तुझा हात लागत नाही, सोडलंस वाटतं. तेरेजा मागून कमरेचा पट्टा धरून चालायची. बसवायची, बाह्या दुमडून द्यायची, पाव कापून द्यायची, आणि निघताना हसायची. बस. त्याचं संतपण!
वर्ग खिदळला. सिस्टर म्हणाल्या, "करून बघा, गर्ल्स."
घरी आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता : "हे तर मी तुझ्या आजीचं रोजच करते. मला नाय कुणी संत म्हटलं." दादा, माझे वडील, म्हणाले, "शीक, पोरी, सगळं शीक. गुडघे तेवढे टेकू नको." आम्ही बौद्ध. नाही टेकले. पण ती म्हातारी आणि तो पट्टा डोक्यातून गेले नाहीत कधी.

१२ सप्टें., शुक्र.
स्वतःवरच हसत आले आज. गोष्ट तोंडपाठ, तरी आठवडाभर हातच धरून ओढत होते! कारण शाळेचा नियम. सिस्टरांच्या पट्ट्याला, माळेला हात लावायचा नाही. केस पांढरे झाले, तरी हात तिकडं जात नाही.
आज विचारलं, "सिस्टर, मागून पट्टा धरू?"
"पट्ट्याला हात?" तेच डोळे. मी चक्क मागं सरकले.
मग धीर करून म्हटलं, "तेरेजानं धरला होता."
त्यांनी माझ्याकडं पाठ केली. "धर मग. पण ती इतकं बोलत नव्हती."
चॅपेलपर्यंत गेलो. एकदाही अडखळल्या नाहीत.

२२ सप्टें., सोम.
घट बसले. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेची गर्दी, रिक्षावाल्यानं अलीकडंच उतरवलं. पाऊस, चिखल. तरी पोचले.
भोंग्याचा आवाज खोलीपर्यंत. सिस्टर : "कसला सण आहे?"
"देवीचा."
"मग पोरींना एकटं सोडू नको गेटाबाहेर."
म्हटलं, नाही सोडत.

२७ सप्टें., शनि.
वाईट दिवस. उठायलाच तयार नाहीत. माझा हात झटकला. "तू कोण? माझ्या मुलींना बोलाव." मीच त्यांची मुलगी, हे सांगून काय उपयोग? बसून राहिले. बाह्या दुमडून दिल्या, बिस्कीट चहात बुडवून दिलं. निघताना हसले. तेरेजाचं हसू आपोआप यायचं की तीही आणायची, हे सातवीत विचारायला हवं होतं. माझं आज आणावं लागलं.
चॅपेल राहिलं. एक दिवस राहिलं म्हणून काही बिघडत नाही.

१ ऑक्टो., बुध.
सण. वेदीवर गुलाब. सिस्टर चालत आल्या. मी मागं, पट्टा धरून. सगळी माणसं वळून बघत होती, प्रोव्हिन्शियलसुद्धा, नाशिकहून आलेल्या. पुढच्या बाकापर्यंत पोचलो. मिस्साभर ताठ बसल्या.
नंतर बाहेर व्हरांड्यात प्रोव्हिन्शियल वाकून म्हणाल्या, "सिस्टर, आमच्याकडं याल? नर्स आहेत तिथं, चोवीस तास."
"आज्ञा असेल तर येईन की. कधी नाही म्हटलंय का?" मग मागं बोट करून, माझ्याकडं : "पण हिला चॅपेलपर्यंत कोण आणणार? एकटी आली तर पडेल ही."
प्रोव्हिन्शियल हसल्या. मग हसू थांबलं त्यांचं. माझ्याकडं बघितलं, पट्ट्यावरच्या हाताकडं बघितलं. "कळवते," म्हणाल्या.
सिस्टरांना खोलीपर्यंत परत आणलं, पट्टा धरूनच.

२ ऑक्टो., गुरु.
धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळे मिळून लेणीवर. पांढऱ्या साड्यांचा नुसता पूर. पायऱ्या चढताना ह्यांनी मुद्दाम हळू पाय टाकले, माझा गुडघा दुखतोय म्हणून. बोलले मात्र नाहीत तसं.
वर पोचल्यावर : "फोन आला का तुझ्या त्या मोठ्या सिस्टरचा?"
"नाही."
"आणि पाठवायचं ठरलं तर?"
"ते त्यांनी ठरवावं. आज तर त्या इथंच आहेत ना? सहाच्या आत छावणीत पोचायला पाहिजे. चला, उतरू."