सातशे साठ वॉट

सोमवार, ता. ३

आलो एकदाचा! खोली गॅरेजला लागून आहे, पण स्वतंत्र. खिडकी आहे, नळाला दिवसभर पाणी आहे. भिंतीत एकही खिळा नाही, म्हणजे आधीच्या मिस्त्रीला साधं कॅलेंडर लावण्याइतकंही राहायला मिळालं नसावं. गडी गेला तेव्हा चपला, दाढीचं सामान आणि हत्यारांची पेटी इथेच ठेवून गेला. चपला विसरणारे पुष्कळ पाहिलेत, हत्यारं सोडून जाणारा मिस्त्री मात्र हा पहिलाच.

बंगला दुमजली, एसी अकरा, मालकीण एकटी. सत्तरीच्या असतील. सगळे त्यांना बाई म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि माळी. बाईंनी स्वतः चहा करून दिला आणि एकच अट सांगितली: वरच्या टोकाच्या खोलीतला एसी कधीही बंद राहता कामा नये. नेमका तोच बंद पडलाय, म्हणून तर मला एवढ्या तातडीने नेमलं. त्या खोलीत कोण असतं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कुणी नाही.

वीस तारखेला ही मुंगीला घेऊन येईल. मुंगी म्हणजे आमची लेक, पाच वर्षांची. एवढीशी आहे, पण खाऊचा डबा कुठेही लपवा, शोधून काढतेच. तिला अजून वाचता येत नाही, फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं, आणि ते घरातल्या प्रत्येक भिंतीवर लिहून झालंय. निघताना तिने तिचा काळा मार्कर माझ्या खिशात घातला. नवा कॉम्प्रेसर बसवला की मिस्त्री त्यावर नाव आणि तारीख टाकतो, ही आमच्या धंद्यातली रीत. मी माझ्या नावाखाली मुंगीचंही टाकतो. ती बरोबर असली तर स्वतःच टाकते, मला मार्करला हात लावू देत नाही.

मंगळवार, ता. ४

दिवसभर वरच्या गॅलरीत होतो. बाहेरचं युनिट तिथे आहे, त्या खोलीच्या दारालगत. चालू केलं. पंखा फिरला, कॉम्प्रेसर दोन सेकंद घुमला आणि गप्प झाला. कॅपॅसिटर बदलला, तरी तेच. मग वायरी सोडवून मीटर लावला. तीन टोकांपैकी एक थेट लोखंडी अंगाला लागत होतं. जरासा गॅस सोडून पाहिला, तर जळका, आंबूस वास. आतलं वाइंडिंग जळालंय. नवा मागवला.

कॉम्प्रेसर गेला हे कुणीही सांगेल. का गेला हे सांगेल तो खरा मिस्त्री. माझे वस्ताद सांगायचे की कॉम्प्रेसर आपला आपण मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं, आणि तो कोण ते शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही. मागच्या ठिकाणी मी हे शोधायचा कंटाळा केला आणि नोकरी घालवून बसलो. इथे तसं होऊ देणार नाही. पण कॉइल स्वच्छ आहे, गॅस पुरेसा होता, वीजही व्यवस्थित. मारलं कुणी?

गुरुवार, ता. ६

तोवर हॉलमधलं चाकांवरचं छोटं मशीन वर नेऊन लावलंय. त्याच्यावरच सगळं मोजलं आणि मारेकरी सापडला. खोलीत उष्णता फार आहे. कॉम्प्रेसरला क्षणाची उसंत मिळत नाही, शेवटी तो जळतो.

आता ही उष्णता येते कुठून ते कळेना. मशीन किती उष्णता ओढतं ते काढलं, त्यातून ऊन, भिंती, छप्पर वजा केलं. सहाशे वॉट उरले. तीनदा मोजलं, तीनदा सहाशे. खोलीत दिवा नाही, यंत्र नाही, भिंतीशी एक लाकडी बाक आहे फक्त. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता टाकतो. सभागृहाचा एसी ठरवताना आम्ही तसंच धरतो. म्हणजे त्या बाकावर सहा माणसं बसून आहेत, असा हिशेब झाला. माळ्याला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही, झारी उचलून निघून गेला.

शनिवार, ता. ८

नवा कॉम्प्रेसर बसवला. काय गोड चाललाय! बाई स्वतः गॅलरीत येऊन उभ्या होत्या. नाव टाकायचं राहू नये, असं त्यांनीच दोनदा आठवण करून सांगितलं. मी नाव टाकलं, तारीख टाकली, खाली ‘मुंगी’ लिहिलं. ही कोण म्हणून बाईंनी विचारलं. लेक म्हटल्यावर बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या.

जुना कॉम्प्रेसर मागच्या शेडमध्ये ठेवायला गेलो, तर तिथे आधीचे पाच ओळीने मांडलेले. हा सहावा. प्रत्येकावर एकेक नाव आणि तारीख. हे सगळे मिस्त्री कुठे गेले म्हणून माळ्याला विचारलं. त्याला कुणालाच फाटकातून जाताना पाहिल्याचं आठवत नाही.

सोमवार, ता. १०

बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी स्वेटर घालून बसलोय. ताप नाही. सवयीने पुन्हा हिशेब केला. आता सातशे साठ येतात.

शंभर वाढले ते वाढले. वरचे साठ कसले? पाच मिनिटं डोकं खाजवत बसलो. मग आठवलं. आमच्या तक्त्यात लहान मुलाचे साठ धरतात.

मंगळवार, ता. ११

हिचा फोन आला होता. मुंगी शनिवार दुपारपासून गारठलीय. दोन गोधड्या घेऊन निजते, या दिवसांत! हातपाय बर्फासारखे. डॉक्टरांना काही सापडत नाही.

कॉइल तपासायचा थर्मामीटर स्वतःच्या मनगटाला लावला. चोवीस. वरच्या त्या खोलीच्या भिंतीला लावला. चोवीस.

माझी मुलगी. माझ्याच हाताने लिहिलं मी.

बुधवार, ता. १२

बाईंना सरळ विचारलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. शेडमधलं पहिलं नाव त्यांच्या यजमानांचं आहे. तेही मिस्त्रीच होते, त्याच खोलीत गेले.

“एकटे पडले असते हो,” बाई म्हणाल्या. “आता सोबत आहे. फक्त उकडतं सगळ्यांना.”

मशीन बंद करायला धावलो. बटण दाबलं आणि छातीत वणवा पेटला, श्वास येईना. तेवढ्यात हिचा फोन, मुंगी भाजल्यासारखी ओरडतेय म्हणून. पुन्हा चालू केलं. बंद करता येत नाही हे. आता कळलं.

गुरुवार, ता. १३

चालू मशीनचं झाकण काढून थिनरने नाव पुसलं. मुंगीचं पुसलं गेलं! एका फडक्यात, स्वच्छ. माझं जाईना. कानशीने घासलं. खाली पांढरं लोखंड दिसू लागलं आणि त्यावर माझं नाव, तसंच काळं कुळकुळीत.

तिचं मी लिहिलं होतं, म्हणून गेलं. ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलेलं जात नाही.

हिशेब केला. सातशे. रडलो.

शनिवार, ता. १५

हिचा फोन. मुंगी खडखडीत बरी, भूक भूक करतेय. मी आनंदाने ओरडलो. हिला ऐकूच गेलं नाही. नुसती घरघर येतेय म्हणाली. येऊ नका, येऊ नका म्हणून सांगत राहिलो — घरघर.

वीसपर्यंत थांबत नाही म्हणाली. उद्याच निघते. बाईंशी बोलणं झालंय हिचं. नव्या मशीनवर या वेळी मुंगी स्वतः नाव टाकणार, तिने हट्टच धरलाय, आणि बाईंनी तिला कबूल केलंय.

मार्कर शोधतोय. पेटीत नाही. खिशात नाही.

रविवार, ता. १६

कुठेच ऊब नाही. फक्त वरच्या या खोलीत. जरा वेळ बाकावर टेकलो आणि बाईंनी बाहेरून कड्या घातल्या. आतल्या आणि गॅलरीच्या, दोन्ही दारांना. शांतपणे.

बाक रिकामा दिसतो. पण दोन्ही बाजूंनी खांदे लागतात.

फाटकाशी गाडी थांबली. हिचा आवाज. बाई हिला खाली बसवतायत, चहा देतायत —

जिन्यावर पावलं. लहान. धावत.

गॅलरीत आली. मागोमाग बाई. तिला सांगतायत, हा घे तुझा मार्कर, आधी नाव टाक, मग बाबा येतील.

दार ठोकतोय. हात आपटतोय आणि आवाज होत नाही —

वहीचं एक पान फाडून दाराच्या फटीतून सरकवलं. मुंगे, लिहू नकोस, आईकडे पळ, एवढंच लिहिलं त्यावर.

उचललं. बोटं दिसली तिची.

वाचता येत नाही तिला. मी कुणाला लिहितोय —

पान परत आलं. पाठीमागे तिचं नाव, मोठ्या अक्षरांत. माझ्यासाठी. किती छान लिहिते. आता मार्कर लोखंडावर करकर —

बाकावरचे सगळे सरकले. माझ्या शेजारी जागा केली. एवढीशी, मुंगीला पुरेल एव