राबाचे अकरा ऐन

प्रिय बाबा,

काल दत्ता नवीन पनवेलला माझ्या खोलीवर आला होता. चहा घेतला आणि म्हणाला, "वरकसावरचे उरलेले अकरा ऐन वीटभट्टीवाल्याला देतंय. शनवारी ट्रक येल." जमीन तुम्ही आम्हा दोघा भावंडांच्या नावावर ठेवून गेलात, म्हणून विचारायला आला. उद्या सांगते म्हटलं. आज उत्तर त्याला दिलं, पण लिहायचं तुम्हाला होतं, कारण चूक तुमच्यापाशी केली होती.

दर पौषात तुम्ही डोंगराकडच्या त्या वरकस माळावर ऐनाच्या फांद्या छाटायचात. गोमा ठाकर झाडावर, तुम्ही खाली. फांद्या वाळवून भाताच्या वाफ्यावर पसरायच्या, वर शेण-माती, आणि उन्हाळ्यात जाळायच्या. त्या राखेत बी पेरायचं. हाच आपला राब. गोमाचा कोयता फार वर गेला की तुम्ही ओरडायचात, "शेंड्याला हात लावू नको! पुढल्या साली काय तुजी शेंडी जाळू?"

"माजी कुटं हाय शेंडी?" गोमा वरूनच टक्कल दाखवायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, एका शिबिराला जाऊन आले आणि तुम्हाला ऐकवलं. राब म्हणजे जंगलाचा नाश. ती भुंडी झाडं बघवत नाहीत. वाफ्याला युरिया घाला.

इतक्या सहज कसं ऐकलंत? दुसऱ्या कुणाला बांधावरून हाकलला असतात! "पोरगी शिकलेली हाय," एवढं गोमाला सांगितलंत आणि राब बंद केलात. रोपं चांगली आली. भातही कमी झालं नाही. मी ते वर्गात अभिमानाने सांगितलं.

तिसऱ्या वर्षी घरी आले तर माळ मोकळा. विचुंबे, सुकापूरला इमारती चढत होत्या, भट्ट्यांना सरपण हवं होतं, आणि तुम्ही ऐन विकून टाकले होतेत. ओढ्यापलीकडे ट्रक जात नव्हता म्हणून तिथले अकरा वाचले. मी रडले, भांडले. तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "राब नाय, तर ती उबी ठेवून करू काय? पूजा?"

तेव्हा मला नुसता राग आला. तुम्ही दर वर्षी फांद्या तोडत होतात म्हणूनच ती झाडं आजोबांच्या वेळेपासून उभी होती, हे कळेपर्यंत तुम्ही गेलात. छाटलेल्या जागी ढोल्या व्हायच्या. ढोल्यांत पोपट असायचे, पिंगळे असायचे. झाडं गेली, पिंगळे गेले, आणि खाचरात उंदीर वाढले. एकामुळे दुसरं झालं असं छातीठोक सांगणार नाही. मी दोन्ही पाहिलं आहे.

पण बाबा, मला एकदा समोर बसवून सांगायचं होतंत ना! मुलगी शिकली म्हणून तिचं चुकलेलंही मुकाट ऐकायचं, हा कुठला मान?

आज सकाळी गोमाकडे गेले. आता म्हातारा झालाय. यंदा राबाच्या फांद्या छाटशील का, विचारलं.

"तू सांगतेस?" तो हसला. "बंद कुनी केलावता, ताय? आनि अकरा झाडांत काय राब व्हनार? चार वाफंबी नाय."

"चार नकोत. दोन वाफ्यांना राब, बाकीच्यांना खत."

तो म्हणाला, "मंग दत्ताला आदी बोल. मी वर चढलो नि खाली करवतवाला आला, आसं नको."

तिथून दत्ताकडे गेले. झाडं विकू नको, यंदा राब करू, म्हटलं. ट्रकसाठी त्याने ओढ्यात दगडही टाकून ठेवले होते. शेवटी म्हणाला, "एक साल. रोपं कमी पडली तर पुढल्या खेपंला तुला इचारनार नाय." रास्त आहे. पडली तर मी काय म्हणेन, मला ठाऊक नाही.

शनिवारची रजा टाकली आहे. फांद्यांचे भारे मी वाहीन. दुपारपर्यंत अकराही झाडं भुंडी दिसायला लागतील आणि मला वाईट वाटेल, बाबा. तरी गोमाला थांबवणार नाही. वचन देते.

तुमची,
सुमन