चिमाची अर्ध्या तासाची शिफ्ट

१ जानेवारी १९८३, शनिवार
कंपनीला ड्रम पुरवणाऱ्या पार्टीने डायरी दिली. पानं गुळगुळीत आहेत. वाया घालवायची नाही.
या वर्षीचे संकल्प : एक, तंबाखू बंद. दोन, चिमाला बोलतं करणे.
चिमा आमची एकुलती एक. पाच वर्षांची झाली, अजून बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. गेल्या आठवड्यात तिला मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहिरी नाही, वेडी नाही, याला ऑटिझम म्हणतात. औषध नाही. रोज अर्धा तास तिच्याबरोबर जमिनीवर बसून खेळायचं. ती करेल ते आपण करायचं. जबरदस्ती नाही. तिला नको झालं की थांबायचं.
मी विचारलं, टार्गेट काय धरायचं? बाई हसल्या. मग मीच धरलं. होळीपर्यंत चिमा 'बाबा' म्हणणार.
अवघड काही नाही. रसायनीच्या केमिकल कंपनीत मी चार्जहँड आहे, म्हणजे शिफ्टचा मुकादम. भलामोठा रिअॅक्टर माझ्या एका हाताखाली तापतो आणि थंड होतो. ही तर पोर आहे.
विमल (बायको) येताना गाडीत रडली. मला काही वाटलं नाही. प्लँटवर अशीच माणसं लागतात.

२ जानेवारी, रविवार
काम सुरू. वेळ संध्याकाळी सहा ते साडेसहा. जागा माजघर. साहित्य खोपोलीहून आणलं : बाहुली, चेंडू, लाकडी आगगाडी. सेफ्टी वीकमध्ये मिळालेली शिट्टी वाजवून सुरुवात केली.
चिमाने कानावर हात ठेवले. मग आगगाडी उलटी केली आणि एकच चाक फिरवत बसली. मी गाडी सरळ केली. तिने उलटी केली. मी सरळ केली. खेळायचं कसं हे तिला आधी शिकवावं लागणार.
साडेसहाला "संपलं" म्हणालो. तिने पडवीकडे धूम ठोकली. एवढी चपळ आहे हे माहीत नव्हतं. सुरुवात चांगली.

५ जानेवारी, बुधवार
शिट्टी सापडत नाही. विमलला विचारलं तर म्हणाली, मला काय माहीत. दुपारी तांदळाच्या कणगीत हात घातला तेव्हा लागली. राहू दिली. "संपलं" एवढा शब्द पुरतो. तो मात्र चिमा नीट ऐकते. लक्ष देते.

९ जानेवारी, रविवार
विमलचं म्हणणं, बाईंनी सांगितलं होतं ती करंल ते तुमी करा, तुमी तर तिलाच करायला लावता. तिला समजावलं की व्हॉल्व्ह फिरेल तसा सुपरवायझर फिरायला लागला तर प्लँटकडे बघायचं कोणी? ती म्हणाली, पोर म्हंजे व्हॉल्व्ह हाय का? तिला शिफ्टचा अनुभव नाही.
तरी मन मोठं करून आज चिमासारखी एक थाळी जमिनीवर गरगर फिरवून बघितली. चिमा थांबली. माझ्या थाळीकडे बघत राहिली. बघता बघता माझ्याजवळ सरकली. एवढ्यात सहा वीस झाले, आणि बाहुलीचा खेळ अजून व्हायचा होता. थाळी काढून घेतली.
तंबाखू : एकदाच.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत
तिळाचा लाडू माझ्या दोन डोळ्यांच्या मधे धरला. चिमाने सरळ बघितलं! नजरानजर साध्य. विमल म्हणाली, ती लाडवाकडं बघत व्हती. पण लाडवाच्या मागे कोण होतं?

२० जानेवारी, गुरुवार
सेकंड शिफ्ट. संध्याकाळी घरी नसतो, त्यामुळे आठवडाभर काम बंद. बॅकलॉग रविवारी एकदम काढणार.

२३ जानेवारी, रविवार
बॅकलॉग काढला. दार लावून घेतलं होतं. पहिला तास बरा गेला. नंतर चिमा मला चावली, मनगटावर. रक्त आलं. दुखलं नाही. विमलने दार उघडून तिला उचलून नेलं. हळद मीच लावली.
तंबाखूचा हिशेब आजपासून लिहीत नाही. मन त्यात गुंतून राहतं.

३० जानेवारी, रविवार
दुपारी झोपून उठलो. मागच्या पडवीतून कोणीतरी खिदळल्याचा आवाज आला. वाटलं शेजारचं पोर असेल. चिमा होती.
दोघी मायलेकी बिरड्याचे वाल सोलत होत्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले. विमल एक वाल चिमटीत दाबायची, तो सुळकन सालीतून बाहेर उडायचा. मग ती गप्प बसायची. काही म्हणजे काही बोलायची नाही. चिमा तिच्या हाताकडे बघत राहायची, मग आपणही एक दाबायची. मग विमल. मग चिमा. एक वाल विमलच्या कपाळावर उडाला आणि चिमा परत खिदळली. विमलने तो तिथेच चिकटवून ठेवला.
दारात बराच वेळ उभा होतो. पाच वर्षांत तिचं हसू ऐकलं नव्हतं. ऐकल्यावर काय करायचं असतं ते सुचलं नाही.
मग जाऊन बसलो. एक वाल वर धरला आणि म्हणालो, चिमा, बाबा म्हण, मग देतो. ती उठली आणि निघून गेली.
विमलने राहिलेले सोलले. मी म्हणालो, वाल सोलणं हे स्वयंपाकाचं काम आहे, ते उपचारात धरता येणार नाही. ती म्हणाली, नका धरू.

६ फेब्रुवारी, रविवार
मालोजीदादाच्या शेतावर पोपटी. दादा माझा थोरला भाऊ, शेजारीच राहतो. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून वर जाळ केला. सगळे म्हणत होते, काय वास सुटलाय. मला येत नाही. इतकी वर्षं रसायनीला काढल्यावर नाकाचं नाव घ्यायचं नाही.
दादा म्हणाला, येसा, कशेळ्याकडं एक भगत हाय, पोरीला न्यून तरी बघ रं. मी सगळ्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. कोणी मधे बोललं नाही. पटलं असावं. चिमा लांब पेंढ्याजवळ एक काडी डोळ्यांसमोर हलवत बसली होती. दादाची बायको हळूच म्हणाली, आणि भावजी, तुमी तिच्यासंगं हसता कवा?
विचित्र प्रश्न आहे. शेंगा खाल्ल्या.

१२ फेब्रुवारी, शनिवार
आजची तारीख लाल शाईने लिहायला हवी होती. शाई नाही.
चिमा बोलली!
फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसने आलो. पायातल्या चपला काढत होतो. चिमा माजघरात होती. तिने माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे, मधे लाडू नाही काही नाही, आणि म्हणाली, "संपलं."
स्वच्छ. शेवटचा अनुस्वारसुद्धा. पहिला शब्द, आणि तो मला. आईला नाही. होळीला अजून अवकाश आहे. 'बाबा' नाही म्हणाली, पण 'संपलं' त्याहून अवघड शब्द आहे.
तसाच उलट पावली खोपोलीला जाऊन पेढे आणले. सगळ्या आळीत वाटले. विमलने पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. तिला म्हणालो, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं.

१४ फेब्रुवारी, सोमवार
कँटीनमध्ये पेढे वाटले. साहेबांनी हात मिळवला.
संध्याकाळी दादाला मुद्दाम ऐकायला बोलावलं. मी आत शिरताच चिमा म्हणाली, "संपलं." दादा मोठ्याने हसला. मी सहा वाजता खाली बसलो. परत "संपलं." बाहुली काढली. "संपलं." मग ती उठली आणि तिने माझा हात धरला. आपण होऊन. आजवर कधी धरला नव्हता. मी दादाकडे बघितलं, बघ म्हणून. तिने मला हाताला धरून ओटीवर आणलं. माझा हात सोडला. आत गेली. दार लोटून घेतलं.
आतून ती आईच्या मांडीवर जाऊन बसल्याचा आवाज आला. बांगड्यांचा.
दादाचं हसू थांबलं होतं. पायरी उतरताना म्हणाला, येसा, पोरीनं तुला सुट्टी दिली रं.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
रजा टाकली. कारण लिहिलं पोटदुखी.
विमलला विचारलं, ती असं का करते? विमल म्हणाली, रोज तुमी तो शबुद बोलला का तिची सुटका व्हती. मंग ती आदीच बोलते. एवढं म्हणून ती भाकऱ्या थापायला लागली. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पेढे आठवले.
सहा वाजता आत गेलो नाही. ओटीवर बसलो. समोर भिजलेल्या वालाचं भांडं घेतलं, कारण हाताला काम नव्हतं. एकटाच दाबत बसलो. मला नीट जमत नाही, आतली डाळिंबी मोडते.
थोड्या वेळाने चिमा दारात आली. भांड्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर 'बाबा म्हण' आलं होतं. चटकन तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि तोंड बंद केलं. एक वाल दाबला आणि थांबलो.
ती उंबरठ्यावर बसली. भांड्यात हात घातला. एक वाल दाबला. डाळिंबी माझ्या सदऱ्यावर उडाली. साल तिने माझ्या तळहातावर ठेवली.
मग "संपलं" म्हणाली आणि आत गेली.
भांड्यात वाल अजून पुष्कळ होते. मी तिला परत बोलावलं नाही. बाकीचे अंधार पडेपर्यंत एकट्यानेच सोलले.