लिनक्स चढलं, गव्हाचं काय

२० ऑगस्ट, बुध.
आशी आली पुण्याहून, पोळ्याला. थोरल्याची लेक, कंपूटरचं शिकती. बॅग ठेवली न् आधी कंपूटरपाशी. तिचाच जुना, मला ट्रॅक्टरच्या खेळाला दिलेला. गुडघे गेल्यापासून म्या शेतात जाते ती ह्याच्यातच. खरं औत बाईमाणसाला कुणी धरू दिलं न्हाय. हितं ट्रॅक्टर बी माजा, गहू बी माजा. कापणीला आलाय.
आशी म्हणली, "आज्जी, ह्याची विंडोज जुनी झाली. नवी ह्या मशीनला पेलत न्हाय."
धाकटा दत्ता म्हणला, "माय, दे भंगारात. पातेलं तरी येईल." म्या त्याच्याकडं बघितलंच न्हाय.

२१, गुरु.
आशी विंडोज काढून त्या जागी लिनक्स टाकणार. खेळासाठीच केलेलं बी असतंय, अन् फुकट. कुठली कुठली माणसं रिकाम्या वेळात करत्यात न् वाटत्यात. म्या विचारलं, कुणाच्या नावानं? ती हसली. भंडाऱ्यावानीच की. पंगतीत कोण बसलं ते कुणी विचारत न्हाय.
पर खेळ तर विंडोजसाठी केलेला. मधी एक दुभाषी बसतो म्हणं. खेळ त्याच्या भाषेत बोलतो, ह्यो लगोलग लिनक्सला सांगतो. माजी जाऊ आळंदकडची, नुसतं कन्नड. पहिलं वरीस तिचं बोलणं सासूला म्याच सांगायची, निम्मं गाळून. ह्यो गाळत नसंल.

२२, पोळा
करू नये ते झालं. सकाळी आशीनं पेन ड्राइव्ह लावून लिनक्स चढायला घातलं न् न्हायला गेली. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत, आमच्यात ट्रॅक्टरला बी चावी लावत न्हाईत. म्हणलं, ह्या बिचाऱ्यानंच का राबावं. कुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली, बटण बंद केलं.
आशी केस पुसत आली ती तशीच उभी. "आज्जी, निम्मं झालं हुतं."
चालू केलं तर नुसतं काळं. जुनं बी न्हाय, नवं बी न्हाय.
गहू?
म्हणली, "जुनं पुसूनच नवं चढत हुतं. पुसून झालंय."
दत्ता जेवताना, "बैलाला सुट्टी, मशीनला सुट्टी, मायला बी सुट्टी." मला पोळी गेली न्हाय.

२३, शनि.
परत घातलं. म्या लांब बसले, हात पदराखाली. काळ्यावर पांढरी अक्षरं पळाली, वारुळावर पाय पडल्यागत. मग उजेड. पहिलं गिरणीवानी घरघरायचं, आता गप. जितं हाय का म्हणून हात लावून बघितला. कोण कुठली माणसं, आमच्या टाकाऊ डब्यात जीव घालत्यात. लई वेळ बघत बसले.
आशी म्हणती, गव्हाची एक नक्कल लांब कुठंतरी ठेवलेली असंल. त्याला ढगात ठेवलं म्हणत्यात. "असंल, आज्जी. शेवटाला खेळलाव तवा नेट चालू हुतं का?"
आता ते मला काय ठाव. ढगात पाणी असतंय एवढंच माहीत, शेत बी असतंय व्हय.

२४, रवि.
खेळ परत उतरायला लागलाय. आमचं नेट म्हणजे थेंब थेंब. आशीची येष्टी दुपारची, थांबता येईना. जाताना दाखवलं, भरलं की हे खेळायचं बटण उजळंल, दाबायचं.
"शेत दिसलं की फोन करा."
न्हाय दिसलं तर?
"तरी करा."
दत्ता बाजेवर पडून पेपर वाचतोय. मघापासून पान उलटलं न्हाय.
भाकरी थापता थापता मान वर केली तर बटण उजळलेलं. पिठाचे हात. धुऊन येते आधी.